अल्बमात नसलेली लेक

आपल्याकडे पाहुणे आले की लग्नाचा अल्बम हमखास बाहेर निघतो. त्यातली हसरी नवरी पुढं कशी नांदली, हे मात्र अल्बम सांगत नाही. म्हणून शीबा छाछी यांची छायाचित्रं पाहताना मी थबकले.

१९८० मध्ये दिल्लीतल्या हुंडाविरोधी निदर्शनात त्यांनी सत्यराणी चढ्ढांना टिपलं. आदल्याच वर्षी सत्यराणींची गरोदर लेक सासरी जळून गेली होती. अशा मरणाला तेव्हा सर्रास ‘स्टोव्हचा भडका’ म्हणत.

पण मोर्चाच्या फोटोत बाईची उगारलेली मूठ दिसते, तिचं आयुष्य दिसत नाही. पुढं शीबांनी चळवळीतल्या सात जणींनाच विचारलं : तुमचं चित्र कुठं काढू, सोबत काय ठेवू? सत्यराणींचं १९९० मधलं चित्र सर्वोच्च न्यायालयापाशी आहे. माऊलीचं निम्मं आयुष्य कोर्टाच्या पायऱ्यांवरच गेलं!

जावयाची शिक्षा उच्च न्यायालयात कायम झाली ती २०१३ मध्ये, तब्बल ३४ वर्षांनी. पुढच्याच वर्षी सत्यराणी गेल्या.

लेकीला निरोप देताना आपण किती फोटो काढतो! ती माहेरपणाला आली, की तिचा चेहराही तितक्याच बारकाईनं पाहू या.