वस्तीची ओसरी

भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्यालगत सेक्टरवार नगर आखले गेले. प्रांतोप्रांतीची माणसे तेथे राहावयास आली. घर, शाळा, रुग्णालय या गोष्टी आराखड्यात बसविता येतात. परंतु परक्या माणसाने निःसंकोच येऊन बसावे, अशी ओसरी आखून मिळत नाही. ती कशी घडते हे पाहावयाचे, तर श्रोतेहो, आपणांस पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर यावे लागेल.

तेथील 'पूना गेस्ट हाऊस' १९३५ साली नरहर दामोदर तथा नानासाहेब सरपोतदार यांनी सुरू केले. नानासाहेब हे मूकपटांच्या काळातील लेखक-दिग्दर्शक. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत त्यांनी काम केले. पुढे पुण्यात आर्यन फिल्म कंपनी काढली. १९३१ साली आपल्याकडे पडदा बोलू लागला आणि मूकपटांचे दिवस सरले. नानासाहेबांचा कलावंतांचा गोतावळा मात्र तुटला नाही. तो त्यांच्या उपाहारगृहात येऊन बसू लागला. १९४० साली ते निवर्तले, तरी घरच्यांनी गल्ला सोडला नाही. त्यांचे पुत्र चारूकाका यांनी तर अडचणीतील कलावंताला जेवू घालावे आणि पैशांचा तगादा लावू नये, अशी ख्याती मिळविली.

हा केवळ मनाचा मोठेपणा होता काय? त्यामागे एक व्यवहारही आहे. नाटक-सिनेमाचा धंदा बेभरवशाचा. काम आज आहे, उद्या नाही. भूक मात्र रोजची. अशा माणसाला उधारी कोणी द्यावी? पगारी व्यवस्थापकाला रात्री हिशेब चुकता करावयाचा असतो. त्याचे हात बांधलेले. गल्ल्यावर मालक स्वतः बसला, म्हणजे कोणाला किती दिवस सांभाळून घ्यावे हे तो आपल्या जबाबदारीवर ठरवितो. बुडाले तर त्याच्या घरचे बुडते. गिऱ्हाइकाची वर्षानुवर्षांची ओळख हेच त्याचे तारण असते. आणि ज्याला पडत्या काळात पान वाढले गेले, तो बरे दिवस आल्यावर चार माणसे घेऊन पुन्हा त्याच थालीपिठाला येतो. वस्ती आणि उपाहारगृह एकमेकांना जगवितात ती अशी.

हे भांडवल कोणत्याही खतावणीत दिसत नाही. म्हणूनच ते सहज नाहीसे होते. भरपेठेतील जागेचे मोल खिचडीच्या बशीतून निघणाऱ्या नफ्याहून केव्हाही अधिक भरते. शिवाय मुलाला जागा वारशाने मिळाली, तरी माणसांची पारख वारशाने मिळत नाही. ती वडिलांच्या शेजारी बसून, येणाऱ्या-जाणाऱ्यांची तोंडे वाचीत शिकावी लागते.

नव्या नगरांना अशी ओसरी हवी असेल, तर नकाशात उपाहारगृहाला भूखंड राखून ठेवणे पुरेसे नाही. तेथे एका कुटुंबाने तीस-चाळीस वर्षे गल्ल्यावर बसले पाहिजे, आणि ते बसू शकेल इतके भाडे माफक राहिले पाहिजे.