जखमेचें कापड आणि ऋतूचें कापड

हा अंक बहुतेक घरीं प्रथम वडीलधाऱ्यांच्या हातीं पडतो आणि मग माजघरांत जातो. आजचा लेख दोन्ही ठिकाणीं वाचला जावा अशी आमची इच्छा आहे. विषय साध्या कापडाचा आहे. परंतु ज्या कापडाचें नांव निघतांच पुरुषमंडळी वर्तमानपत्रांत तोंड खुपसतात, त्या कापडाचा. "कावळा शिवला" या दोन शब्दांत पिढ्यान्‌पिढ्या हा प्रकार उरकला गेला. तीन दिवस कोणी कोठें बसावें, कशास शिवूं नये, याचे विधिनिषेध घरोघर मुखोद्गत होते. पण त्या दिवसांत लागणारें कापड कसें असावें व तें वाळवावें कोठें, ही चिंता मात्र एकट्या बायकांवर सोडलेली.

जखमेच्या कापडाची अशी उपेक्षा आपल्याकडे झाली नाहीं. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील १८ वा अध्याय उघडून पाहावा. त्यांत व्रणबंधाचे १४ प्रकार दिले आहेत : बोटांच्या पेरांस कोश, सांध्यांस स्वस्तिक, मस्तकास वितान, हनुवटीस गोफणा. बंधनास क्षौम, कार्पास, आविक, दुकूल, कौशेय अशीं वस्त्रें सांगितलीं आहेत. हेमंत, शिशिर व वसंत या ऋतूंत पट्टी तिसऱ्या दिवशीं सोडावी, शरद, ग्रीष्म व वर्षा यांत दुसऱ्याच दिवशीं, इतका बारकावा! उष्ण व दमट हवेंत बांधलेलें वस्त्र लवकर दूषित होतें हें त्या आचार्यांनीं अचूक हेरलें होतें. तोच न्याय ऋतुवस्त्रास लावण्यास कोणाची हरकत होती, हें आम्हांस उमगत नाहीं.

युरोपांतही आरंभ जखमेपासूनच झाला. १८६७ सालीं लिस्टर यांनीं कार्बॉलिक ॲसिडानें व्रण निर्जंतुक राखण्याची रीत प्रसिद्ध केली. पुढें १८८० मध्यें बर्मिंगहॅमचे शस्त्रवैद्य सॅम्प्सन गॅमजी यांनीं विरळ जाळीच्या कापडाच्या दोन थरांमध्यें शोषक कापूस घालून गादी तयार केली. ती गादी आजही त्यांच्या नांवानें ओळखली जाते.

येथें "शोषक" हा शब्द महत्त्वाचा आहे. कच्चा कापूस पाण्यावर टाकला तर तो तरंगतो, कारण त्याच्या तंतूंवर निसर्गतःच मेणाचा पातळ लेप असतो. मागावर चढवितांना ताण्याला खळ लावतात, ती आणखी वेगळी. हें मेण व ही खळ काढण्यासाठीं कापड सोडाखारांत उकळावें लागतें. भट्टी लावणें म्हणतात तें हेंच. औषधी प्रमाणाचा शोषक कापूस १० सेकंदांच्या आंत पाण्यांत बुडाला पाहिजे. ही परीक्षा कोणासही घरीं घागरभर पाण्यावर घेतां येईल. नवें कोरें मांजरपाट न वापरतां आपल्या आज्या जुनें धोतर किंवा विटलेलें लुगडें कां फाडीत, याचें मर्म त्यांतच आहे. शंभर धुण्यांनीं त्याचें मेण व खळ निघून गेलेली असे. त्याला दारिद्र्य म्हणून हिणविणें आम्हांस पटत नाहीं. तें अनुभवाचें शहाणपण होतें.

विणीचेंही तसेंच. जखमेवरच्या जाळीचे धागे मुद्दाम दूरदूर ठेवतात, म्हणजे ती हलकी व हवेशीर राहते. पण कापलेल्या कडेचे दोरे सुटून जखमेंत राहूं नयेत म्हणून कडा आंत दुमडाव्या लागतात. कांहीं विणींत ताण्याचे दोन धागे एकमेकांस पीळ घालून बाण्याला धरून ठेवतात, म्हणजे विरळ असूनही धागा सरकत नाहीं. तामिळनाडूंत राजपाळयमजवळचें छत्रपट्टी हें गांव अशा पट्टीच्या कापडासाठींच प्रसिद्ध आहे.

दोन्ही कापडांची गांठ पडली ती पहिल्या महायुद्धांत. जखमांसाठीं लांकडाच्या लगद्यापासून केलेली शोषक गादी रुग्णालयांतील परिचारिका आपल्या मासिक अडचणींतही वापरूं लागल्या, आणि तिच्या अमेरिकन कारखानदारांनीं १९२० मध्यें तीच वस्तु 'कोटेक्स' या नांवानें बाजारांत आणली. पुरुषांच्या जखमांवर खर्ची पडलेली बुद्धि अशी आडवाटेनें बायकांच्या उपयोगीं आली! आजच्या टाकाऊ पॅडमध्यें तर विणलेला धागाच राहिला नाहीं. वर न विणलेलें तंतुपत्र, मध्यें लगदा व पाणी धरणारी पूड, खालीं प्लॅस्टिक. आमच्या शिराळ्यापासून फार दूर नसलेल्या इचलकरंजींत १९०४ सालीं पहिला यंत्रमाग आला. त्याच गांवच्या डी. के. टी. ई. संस्थेंत आज अशा न विणलेल्या कापडाचें संशोधनकेंद्र आहे.

मग जुनें कापड संपलें काय? तसें नाहीं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते २४ वयाच्या मुलींपैकीं सुमारें ६४ टक्के पॅड वापरीत होत्या, तरी जवळजवळ निम्म्या कापडही वापरीत होत्या. महाराष्ट्र सरकारनें २०१८ मध्यें अस्मिता योजना काढून जिल्हा परिषद शाळांतील मुलींसाठीं ८ पॅडांस ५ रुपये दर ठेवला. त्याच वर्षीं जुलैमध्यें पॅडांवरील १२ टक्के कर उठला. हें उत्तमच झालें. परंतु वापरलेलें प्लॅस्टिक कुजत नाहीं, आणि खेड्यांत तें टाकावें कोठें हा प्रश्न उरतोच. धुऊन वापरावयाच्या पॅडांसाठीं २०२१ मध्यें भारतीय मानक ठरलें, त्यामुळें कापडास पुन्हां प्रतिष्ठा आली आहे.

कापड वाईट नाहीं. वाईट आहे तें त्याचें लपविणें. शिराळा तालुक्याच्या पश्चिम भागांत, चांदोलीकडे, आषाढ-श्रावणांत सूर्यदर्शन दुर्मिळ. अशा दिवसांत मुलगी ओली घडी अडगळीच्या खोलींत, दुसऱ्या वस्त्राखालीं दडवून वाळवूं पाहते. ती दमटच राहते, आणि दमटपणीं तीच पुन्हां वापरली जाते. खाज, चट्टे, जळजळ येथूनच सुरू होतात, आणि तीं सांगावयासही तिला तोंड नसतें. म्हणून घरच्या कर्त्या स्त्रियांस आमचें सांगणें एवढेंच : घडी आधीं थंड पाण्यांत भिजवावी, कारण ऊन पाण्यानें रक्ताचा डाग पक्का होतो. मग साबणानें धुऊन पुष्कळ पाण्यांत खळबळावी. कापड मऊ करणारीं सुवासिक द्रव्यें घालूं नयेत. तीं तंतूंवर लेप धरतात व भट्टीनें मिळविलेला शोषकपणा घालवितात. ऊन असेल तेव्हां उघड्या उन्हांत, टॉवेलांच्याच दोरीवर, घडी वाळत घालावी. पाऊस असेल तर चुलीच्या उबेला मोकळी पसरावी, वर इस्तरी फिरवावी, आणि पूर्ण कोरडी झाल्यावांचून कपाटांत ठेवूं नये. घरांतील पुरुषांनीं दोरीवर ती दिसली तर शेजारचें आपलें धोतर काढून घ्यावें व निघून जावें.