थंडीच नाही, मग फ्लॉवर कसा येणार?

दिवाळी उरकली की मीरा रोडच्या शांती नगरात मला तेच वाक्य ऐकावं लागतं. मी गॅलरीत कुंड्यांची माती उकरत असते आणि समोरच्या वहिनी ग्रिलमधून विचारतात, "कशाला हा खटाटोप? आपल्याकडे थंडी पडते कुठे? फ्लॉवर, मुळा, गाजर ही सगळी घाटावरची पिकं!" लिफ्टमध्येही हेच, भाजीवाल्याकडेही हेच.

मीरा रोडला थंडी पडत नाही, हे अर्धंच खरं. सांताक्रूझ वेधशाळेच्या नोंदी पाहा. जानेवारीत रात्रीचं सरासरी तापमान १७ अंशांच्या आसपास उतरतं. २२ जानेवारी १९६२ला तर तिथे ७.४ अंशांची नोंद झाली होती. दिवसा मात्र पारा ३० ओलांडतो, तेही कबूल. पण भाजीला स्वेटर घालायची थंडी लागते, हे कुणी ठरवलं?

प्रश्न वाणाचा आहे. 'पुसा स्नोबॉल' जातीच्या फ्लॉवरला गड्डा धरायला साधारण १० ते १६ अंश लागतात. 'पुसा दीपाली'सारखे हळवे वाण मात्र २० ते २७ अंशांतही गड्डा धरतात. मुळ्याचा 'पुसा चेतकी' वाण तर उत्तरेत भर उन्हाळ्यात पेरतात आणि तो ४०-४५ दिवसांत काढायला येतो. पहिल्या वर्षी मी पाकिटावरचा फोटो बघून स्नोबॉल आणला. ढीगभर पानं आली आणि मध्ये शर्टाच्या बटणाएवढा गड्डा. त्यात मीरा रोडच्या हवेचा काय दोष? पाकिटाची मागची बाजू मीच वाचली नव्हती.

आणि आसपास बघा तरी! खाडीपलीकडे वसईच्या वाड्यांनी पिढ्यानपिढ्या मुंबईला भाजी पुरवली. अलिबागला भात निघाला की त्याच शेतात पांढरा कांदा लागतो. रायगडचा वाल भातानंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाढतो. बाजारात पांढऱ्या देठांच्या इवल्याशा जुड्या मिळतात ना, ती समुद्रमेथी! किनाऱ्याजवळच्या रेताड जमिनीत होते, म्हणून मुळांतली रेती जाईपर्यंत चार पाण्यांनी धुवावी लागते. घाटावरून आलेली नाही ती.

बाकी गैरसमज एकेका ओळीत निकालात काढू.

"आमच्या गॅलरीत ऊन येत नाही." पावसाळ्यात बघितलं असेल. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो, दुपारीही जेमतेम ४७ अंशांवर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत ऊन आतपर्यंत येतं. उत्तरेची गॅलरी असेल तर मात्र तुमचं खरं.

"धणे पेरले तरी उगवत नाहीत." अख्खे पेरलेत का? एका धण्यात दोन बिया असतात. लाटण्याने हलके रगडून दोन फाका करा आणि मग पेरा.

"टोमॅटो उन्हाळ्यातच धरतो." उलट आहे. रात्री फार उकडलं की त्याची फुलं गळतात. इथल्या जानेवारीच्या रात्री त्याला मानवतात.

"गाजराचं रोप करून मग लावायचं." मूळ दुखावलं की गाजराला पाय फुटतात. बी थेट कुंडीतच टाका.

"पालक म्हणजेच इंग्रजी स्पिनच." नाही, आपला पालक बीटच्याच प्रजातीतला, म्हणून तो आपल्या उकाड्यात तग धरतो.

"रोज पाणी घालायचं." आधी मातीत बोट खुपसा. दोन पेरं कोरडं लागलं तरच घाला.

वहिनींना यंदा मेथी पेरायला दिली आहे. तिसऱ्या दिवशी त्यांनीच ग्रिलमधून हाक मारली, "अहो, उगवली की!" पुढच्या वर्षी त्यांना फ्लॉवरचं पाकीट देईन, मागची बाजू वर करून.