उंदरांच्या पिल्लांनी सॅकरीनबद्दल काय शिकवलं?

होळी झाली की मालेगावात पारा चाळिशीकडे निघतो आणि गल्लोगल्ली गारेगारवाल्यांची घंटी वाजू लागते. अशा सुट्या मालात साखरेऐवजी सॅकरीन असू शकतं. ते साखरेच्या शेकडो पट गोड, म्हणून स्वस्त पडतं. मग घरोघरी एकच प्रश्न असतो: "यानं पोरांना कॅन्सर होतो का हो?"

ही भीती आली कुठून, ते आधी पाहू. 1977 मध्ये कॅनडातल्या एका प्रयोगाचे निकाल आले. उंदरांच्या दोन पिढ्यांना सॅकरीन दिलं होतं, खाद्याच्या तब्बल 5 टक्के. दुसऱ्या पिढीतल्या नरांना मूत्राशयाच्या गाठी जास्त झाल्या. अमेरिकेत बंदीचा प्रस्ताव आला, पण शेवटी पाकिटांवर धोक्याची सूचना छापण्यावर भागलं.

पुढच्या प्रयोगांतून कळलं की पिल्लांना जन्मापासून सॅकरीन दिलं तरी तोच परिणाम दिसतो. कारण जन्मानंतरच्या काळात मूत्राशयाच्या अस्तरातल्या पेशी भराभर वाढत असतात. म्हणजे वयाचा मुद्दा खरा आहे.

पण माणसाचं काय? नर उंदराच्या लघवीत प्रथिनं भरपूर असतात. त्यात इतकं सॅकरीन गेलं की कॅल्शियम फॉस्फेटचे बारीक कण तयार होतात, ते अस्तराला खरचटतात आणि पेशी पुन्हा पुन्हा वाढतात. आपल्या लघवीत असं घडत नाही. 1998 मध्ये माकडांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला: 20 माकडांना जन्मल्यापासून 24 तासांच्या आत सुरू करून, आठवड्यातले पाच दिवस, काहींना तर 24 वर्षं सॅकरीन दिलं. मूत्राशयावर वाईट परिणाम दिसला नाही. अमेरिकेतली ती सूचनाही 2000 मध्ये गेली.

मग बिनधास्त खाऊ द्यायचं का? थांबा, जरा हिशोब करू.

जागतिक तज्ज्ञ समितीची मर्यादा आहे वजनाच्या किलोमागे रोज 5 मिलिग्रॅम. युरोपनं 2024 मध्ये ती 9 केली. आपण कडक आकडा धरू. 60 किलोच्या माणसाला 300 मिलिग्रॅम, 15 किलोच्या पोराला फक्त 75. समजा सरबतात लिटरमागे 100 मिलिग्रॅम आहे. मोठ्या माणसाला मर्यादा गाठायला 3 लिटर लागतील, पोराला पाऊण लिटर. आणि बनवणाऱ्यानं अंदाजानं दुप्पट टाकलं तर? दोन ग्लासांतच पोर मर्यादेपलीकडे.

मर्यादा ओलांडली की लगेच आजार होतो, असं नाही. ती मुद्दाम बरीच खाली ठेवलेली असते. पण ती पाळायची तर किती टाकलंय ते माहीत हवं. लेबल असलेल्या पाकिटावर निदान सॅकरीन आहे हे तरी वाचता येतं. सुट्या मालात तेही कळत नाही, आणि खरी अडचण तीच आहे.

म्हणून घाबरू नका, पण विचारा: "दादा, यात साखर आहे की सॅकरीन?" उत्तर मिळालं नाही तर घरी लिंबू पिळा.