काँक्रीटखालची गोदा

२०१६च्या उन्हाळ्यात नाशिकचे गोदावरीतले रामकुंड कोरडे पडले आणि भाविकांच्या स्नानासाठी त्यात टँकरने पाणी ओतावे लागले. दुष्काळ होताच, पण गोदाप्रेमींनी बोट दाखवले ते तळाकडे. २००३च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या तयारीत नदीपात्र आणि जुनी दगडी कुंडे काँक्रीटने झाकली गेली होती. तळातले झरे त्याखाली गाडले गेले, अशी त्यांची तक्रार.

नदीचा तळ म्हणजे नुसती जमीन नव्हे. वाळू-गोट्यांच्या फटींतून भूजल वर येते, पावसाळ्यात नदीचे पाणी खाली मुरते. तिथेच किडे वाढतात, गोगलगायी राहतात, मासे अंडी घालतात. गोदेच्या उपनदीत, देवळालीजवळच्या दारणेत, एक चिमुकला मासा सापडतो, पॅराप्सिलोरिंकस प्रॅटेरी. मत्स्यशास्त्रज्ञ होरा आणि मिश्रा यांनी १९३८मध्ये त्याची नोंद केली. वाहत्या पाण्यात दगडाला चिकटून राहणारा हा जीव आज अतिसंकटग्रस्त गणला जातो. वाळू उपसली, प्रवाह अडला की त्याने चिकटायचे कशाला? नाशिककरांपैकी किती जणांनी त्याचे नाव ऐकले असेल, कोण जाणे.

दुसरे संकट डोळ्यांना हिरवेगार दिसते. नासर्डी आणि वाघाडी या उपनद्यांतून येणाऱ्या सांडपाण्यातले नायट्रोजन आणि फॉस्फरस खाऊन पाणवेली फोफावतात. मूळच्या दक्षिण अमेरिकेतल्या या वनस्पतीच्या गालिच्याखाली ऊन पोचत नाही. ती कुजू लागली की पाण्यातला प्राणवायूही संपतो. यंत्राने ती काढणे दिसायला छान, पण नाल्यांतून खत येतच राहिले तर ती पुन्हा माजते.

हे सगळे खाली वाहत निफाड तालुक्यातल्या नांदूर मधमेश्वरला पोचते. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर बांधलेल्या बंधाऱ्यामागे गाळ साचून तयार झालेली ही पाणथळ. हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी इथे उतरतात, म्हणूनच राज्यातले पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) होण्याचा मान तिला मिळाला.

गोदेच्या प्रदूषणाबाबत २०१२मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली, न्यायालयाने ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेचा सल्ला घेतला. पुढे पात्रातले काही काँक्रीटही फोडले गेले. आता २०२७च्या सिंहस्थाची कामे निघाली आहेत. नव्या घाटांची घाई समजण्यासारखी आहे. पण नासर्डी-वाघाडीचे सांडपाणी नदीत पडण्याआधी अडवून शुद्ध करणे, उरलेल्या कुंडांचे तळ मोकळे करणे आणि उन्हाळ्यातही धरणातून थोडा प्रवाह सोडणे, ही कामे त्याआधी व्हायला हवीत.