पडद्यामागचं गणित (लेखांक ९) : एकशेवीसातले तीस

तासगावहून एका वाचकाने विचारलं आहे : "यंदाच्या बेदाण्याच्या पैशातून मुलाला गेमिंगचा संगणक घ्यायचाय. दुकानदार म्हणतो, नवं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला १२० फ्रेम देतं. पोरगा म्हणतो, त्यातल्या ९० खोट्या आहेत. कुणाचं खरं मानू?"

दोघांचंही खरं आहे. कसं, ते पाहू.

सांगलीत पावसाळ्यात सगळ्यांचं लक्ष कृष्णेवरच्या आयर्विन पुलाकडे असतं. ४० फुटांना इशारा पातळी, ४५ फुटांना धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं होतं. समजा, पुलाजवळ आठ वाजता ३८ फूट आणि नऊ वाजता ४० फूट अशी नोंद झाली. सव्वाआठ, साडेआठ आणि पावणेनऊचे आकडे आपण घरबसल्या भरू शकतो : साडेअडतीस, एकोणचाळीस, साडेएकोणचाळीस. वही भरगच्च दिसेल, आलेखाची रेघ कुठे अडखळणार नाही, आणि आकडे बहुतेक बरोबरही निघतील. पण साडेआठचा आकडा नऊची नोंद हाती आल्याशिवाय लिहिताच येत नाही. घरातलं सामान माडीवर चढवायचं की नाही, हे ज्याला साडेआठला ठरवायचंय, त्याला या भरलेल्या आकड्याचा काय उपयोग?

'फ्रेम जनरेशन' नेमकं हेच करतं. कार्ड एक फ्रेम खरोखर काढतं, मग पुढची काढतं, आणि ती दाखवण्याआधी थांबवून दोहोंच्या मधल्या फ्रेम अंदाजाने भरतं. एका खऱ्या फ्रेममागे तीन भरलेल्या असल्या, तर १२० मध्ये खऱ्या ३०. म्हणजे तुम्ही बटण दाबलं, माऊस वळवला, याची दखल गेम दर ३३ मिलिसेकंदांनीच घेतो, वर पुढची फ्रेम रोखून धरल्याचा उशीर वेगळा. डोळ्याला १२० दिसतात, बोटाला ३० चाच जडपणा जाणवतो. मूळच्या ६० असतील तर हे अंतर १७ मिलिसेकंदांच्या आत येतं, आणि तेव्हा मात्र हे तंत्र सुखद वाटतं.

भरलेल्या फ्रेमला मी खोटी म्हणणार नाही. ती अंदाजाची आहे. अंदाजाला वेग म्हणून विकणं मला खटकतं. जानेवारी २०२५ मध्ये ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी ५४९ डॉलरचं आरटीएक्स ५०७० हे कार्ड आधीच्या पिढीतल्या ४०९० ची कामगिरी देईल असं मंचावरून सांगितलं. ४०९० ची मूळ किंमत १,५९९ डॉलर. ती बरोबरी भरलेल्या फ्रेम मोजूनच जुळत होती. कार्ड बाजारात आल्यावर स्वतंत्र चाचण्यांत त्या बाजूला काढल्या, तेव्हा ५०७० बरंच मागे पडलं.

मात्र सगळ्याच नव्या तंत्रांना एका मापाने मोजू नये. 'अपस्केलिंग'चा अंदाज निराळ्या जातीचा आहे. फोर-के पडद्यावर सुमारे ८३ लाख ठिपके असतात. कार्ड कधी कधी त्यातला चौथा हिस्साच काढतं आणि उरलेले ठिपके भरतं. पण भरताना त्याच्या हाताशी आधीच्या फ्रेम असतात, आणि कोणती वस्तू कुठून कुठे सरकली हेही गेम त्याला सांगतो. कोयनेतून किती क्युसेक विसर्ग सोडला, कराडच्या संगमाखाली पाणी किती, हे माहीत असलेल्या अभियंत्याने सांगलीची पातळी सांगावी, तसं हे. त्याच्या अंदाजाला मोजमापाचा आधार असतो.

इथंही संशय घेणारे सुरुवातीला चुकले नव्हते. २०१९ मध्ये एनव्हिडियाचं डीएलएसएस हे अपस्केलिंग 'बॅटलफील्ड ५' या गेममध्ये आलं तेव्हा चित्र धूसर दिसायचं, आणि खेळणाऱ्यांनी ते स्पष्ट सांगितलं. २०२० च्या दुसऱ्या आवृत्तीत मोठी सुधारणा झाली. २०२१ मध्ये प्रतिस्पर्धी एएमडीचं एफएसआर हे अपस्केलिंग आलं. त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्या जुन्या कार्डांवरही चालतात, त्यामुळे सेकंडहँड कार्ड वापरणाऱ्या आपल्याकडच्या मुलांना त्याचा खरा आधार झाला. पातळ तारा, जाळीचं कुंपण, वेगाने पळणारी वस्तू यांच्यामागे अजूनही कधी कधी सावलीसारखी शेपटी उमटते. ती तपासावीच.

आणि देखणेपण फक्त कार्डातून येत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' हा गेम २०२० मध्ये आधी निन्टेन्डो स्विचवर आला, हातात मावणाऱ्या बेताच्या ताकदीच्या यंत्रावर. पहाडी चित्रशैलीचे रंग, राजस्थानी वास्तूंचे घाट आणि सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितलेली कथा यांनी तो उभा राहिला. मला तो आजही डोळाभर पाहावासा वाटतो.

तेव्हा तासगावकर, दुकानात मुलालाच माऊस हातात घेऊ द्या. सेटिंगमध्ये फ्रेम जनरेशन बंद करायला सांगा आणि कोपऱ्यातला आकडा वाचा. साठच्या आसपास असेल तर पुढचं बोलणं करा. तिसाच्या घरात असेल, तर बेदाण्याचे पैसे अजून खिशातच राहू द्या.