आंतड्यांतील जंतु व आपलें यकृत

विद्यार्थिमित्रांनो, मधल्या सुटींत तुमच्या डब्यांकडे आमची सहज नजर जाते, तेव्हां भाकरी व उसळ क्वचितच दृष्टीस पडते. बिस्किटें, वेफर्स व गोड पेयें यांचीच गर्दी दिसते. या साध्या गोष्टीचा यकृताशीं काय संबंध आहे, हें येथें सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रौढ मनुष्याच्या यकृताचें वजन सुमारें दीड किलो भरतें. पित्त तयार करणें, साखरेचा साठा करणें, विषारी द्रव्यें निरुपद्रवी करणें अशीं अनेक कामें तें निमूटपणें करीत असतें. त्यास मिळणाऱ्या रक्तापैकीं सुमारें तीनचतुर्थांश रक्त आंतड्यांच्या बाजूनें येतें. म्हणून आंतड्यांतील बऱ्यावाइटाचा पहिला वांटेकरी यकृतच होय.

यकृतांत चरबी शेंकडा ५ हून अधिक सांचली म्हणजे त्यास ‘फॅटी लिव्हर’ म्हणतात. मद्यपानानें हा विकार होतो हें सर्वश्रुत आहे. परंतु मद्यास कधींहि न शिवलेल्यांस, किंबहुना शाळकरी मुलांसहि तो जडतो. लठ्ठपणा, मधुमेह व बैठी राहणी यांच्याशीं त्याचें निकटचें नातें आहे. बहुधा तो दुखत नाहीं, म्हणून लवकर उमगतहि नाहीं. आणि कित्येकांच्या यकृतास सूज येऊन पुढें तें निबर होतें.

आतां आंतड्यांकडे वळूं. तेथें असंख्य जंतु वसति करून असतात. ते सारेच शत्रु नव्हेत. आपणांस न पचणाऱ्या चोथ्याचा कांहीं भाग ते खातात व ब्युटिरेटसारखीं आम्लें निर्माण करतात. त्या आम्लांवर आंतड्याच्या अस्तरांतील पेशी पोसल्या जातात. चोथा मिळेनासा झाला कीं अस्तर दुबळें होऊं शकतें. मग जंतूंचे विषारी अंश रक्तांत झिरपून यकृताची सूज वाढवितात. हितकर जंतूंच्या या खाद्यास १९९५ सालीं गिब्सन व रोबरफ्रॉइड या शास्त्रज्ञांनीं ‘प्रीबायोटिक’ हें नांव दिलें. दह्यांत जिवंत जंतु असतात; प्रीबायोटिक हे जंतु नव्हेत, तो त्यांचा शिधा होय.

हा शिधा आपल्या स्वयंपाकघरांतच आहे. कांदा, लसूण, हरभरा, मसूर, कच्चें केळें यांत तो आढळतो. कच्च्या केळ्यांत सहज न पचणारा स्टार्च असतो. चीनमध्यें २०० रुग्णांवर ४ महिने एक प्रयोग झाला. त्याचा वृत्तांत २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांस असा स्टार्च रोज ४० ग्रॅम दिला, त्यांच्या यकृतांतील चरबी इतरांहून अधिक घटली.

तथापि एवढ्यावरून हा रामबाण उपाय समजूं नये. स्थूल प्रौढांनीं वजन शेंकडा ७ ते १० उतरविल्यास यकृताची सूजहि बहुधा ओसरते. व्यायाम व मिताहार हाच मुख्य उपाय, प्रीबायोटिक हे त्याचे साहाय्यक. चोथा एकदम वाढविल्यास पोट फुगतें, म्हणून तो हळूहळू वाढवावा. मुलांस मात्र उपाशी ठेवूं नये. शंका आल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

पालकवर्गास आमची एवढीच विनंति कीं, उद्यांच्या डब्यांत बिस्किटांऐवजीं भाकरी व मटकीची उसळ द्यावी. आणि विद्यार्थ्यांनीं ती परत घरीं न नेतां संपवावी, व उरलेल्या सुटींत मैदानावर धांवावें.